इशारा पातळी ओळखा

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांच्या तोंडी दोन आकडे असतात, ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. खाली शिरोळ तालुक्यात हीच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, आणि तिथली माणसं हे आकडे कानावर आले की कामाला लागतात. घाटाकडच्या दुकानांतला माल वर हलतो, जनावरं पै-पाहुण्यांकडं जातात, धान्याची पोती माळ्यावर चढतात. पाणी मंदिरात फार चढलं की दत्ताची उत्सवमूर्तीसुद्धा वरच्या अंगाला नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी उंबऱ्याला लागू दे, मग बघतो त्याच्याकडं, असं म्हणणारा शहाणा समजला जात नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अशा कितीतरी जणांना होडीतून बाहेर काढावं लागलं. मधले चार फूट हे आवराआवरीसाठी असतात, हे या भागात पोरासोरांनाही कळतं. शिरोळ, जयसिंगपूर, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यात राहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांनाही ते कळतं. मोहाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं वागतो. पाणी छातीला लागेपर्यंत थांबतो आणि मग प्रभूकडं बळ मागतो. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की मोहावरचा विजय बहुतेक वेळा मोह समोर उभा राहण्याच्या आधी, इशारा पातळीवरच मिळतो किंवा हातचा जातो. आणि हे म्हणणं व्यवहारी शहाणपणाचं आहे तितकंच पवित्र शास्त्रातलंही आहे.

प्रभूची प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो, काही घरांत रोज. तिच्यात मोहाच्या प्रसंगी टिकून राहायची ताकद मागितलेली नाही. त्या प्रसंगात आम्हाला नेऊच नकोस, असं मागितलं आहे. ज्यानं ही प्रार्थना शिकवली त्याला माणसाच्या ताकदीचा अंदाज आपल्यापेक्षा बरा असावा. गेथशेमाने बागेतही येशूनं शिष्यांना लढा म्हणून सांगितलं नाही. जागे राहा आणि परीक्षेत पडू नये म्हणून प्रार्थना करा, एवढंच सांगितलं. ते झोपले. त्याच रात्री, सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही अशी छातीठोक ग्वाही देणारा पेत्र महायाजकाच्या अंगणात परक्यांच्या शेकोटीजवळ हात शेकत उभा राहिला आणि एका दासीच्या प्रश्नानं कोसळला. त्याच्या प्रेमात खोट नव्हती. चुकली ती जागा, आणि त्याआधीची झोप. दावीद राजाची गोष्टही तशीच. बथशेबाच्या प्रकरणाची सुरुवात शास्त्रलेखक गच्चीवरून करत नाही. राजे लढाईला जातात त्या दिवसांत दावीद यरुशलेमेत मागं राहिला होता, हे तो आधी नोंदवतो. उलट बाजूला योसेफ. पोटीफरची बायको रोज गळ घालत होती आणि तो तिच्याजवळ थांबायचंही टाळत होता, असं उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. शेवटी तिनं वस्त्र धरलं तेव्हा ते तिच्या हातात सोडून तो पळाला. त्या पळण्याबद्दल त्याला कुणी भित्रा म्हटलेलं नाही. पौलानं तर करिंथच्या मंडळीला आणि तीमथ्याला काही गोष्टींपासून पळण्याचीच आज्ञा केली आहे.

मोह एका क्षणात घाला घालतो, हा आपला समज याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात खोडून काढलेला आहे. देव कुणाला मोहात पाडत नाही, हे आधी स्पष्ट करून याकोब पायऱ्या सांगतो: माणसाची स्वतःची वासना त्याला ओढते, ती गर्भ धरते, मग पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. गर्भाला दिवस लागतात, हे त्या वर्णनातच आहे. पंधराव्या शतकात टॉमस केम्पिसनं ‘ख्रिस्तानुकरण’ या ग्रंथात हाच क्रम आणखी बारकाईनं मांडला: आधी नुसता विचार, मग त्याचं ठसठशीत चित्र, मग त्यात वाटणारी गोडी, आणि शेवटी संमती. यहोशवाच्या पुस्तकातल्या आखाननं दिलेला कबुलीजबाब वाचावा. त्यानं बघितलं, हाव धरली, उचललं आणि तंबूत पुरलं. आपली सगळी प्रार्थना आणि सगळी शरम ‘उचललं’ या एका क्रियेपाशी साचलेली असते. बघण्यापासून उचलण्यापर्यंत जो वेळ जातो, त्यात आपण स्वतःला काय सांगत होतो, याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

याच मुलखातलं एक उदाहरण जवळून बघू. पूर ओसरला आहे, भिंतीवर पाण्याची मातकट रेघ आहे, अंगणात भिजलेल्या गाद्या वाळत टाकल्या आहेत. पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवक आले आहेत, हातात यादी आहे. घर किती दिवस पाण्यात होतं, भांडीकुंडी किती गेली, किती कोंबड्या, किती शेळ्या. शेजारच्यानं दोनाच्या चार शेळ्या सांगितल्याचं कालच कानावर आलेलं आहे. या घडीला खरं बोलणं अवघड वाटतं, कारण खोट्याची तयारी कालपासून चालू आहे. ‘सगळेच सांगतात’ हे पहिलं वाक्य. ‘सरकारचं जातंय काय’ हे दुसरं. ‘गेल्या खेपेला आपल्याला कमीच मिळालं होतं’ हे तिसरं, आणि हे बहुधा खरंही असतं. मोहाची सगळ्यात भक्कम वीट अर्ध्या सत्याचीच असते. ‘पोरांच्या फीला उपयोगी पडेल’ हे चौथं, त्यात तर प्रेमही मिसळलेलं. चार वाक्यं मनात मुरल्यावर पाचवं तोंडातून निघायला काहीच लागत नाही. याच्या जागी, काल संध्याकाळीच नवरा-बायकोनं बसून वहीत खरी यादी लिहिली असती, काय गेलं आणि काय वाचलं ते एकमेकांसमोर बोललं असतं, तर तलाठ्यापुढं फक्त वही वाचायची उरली असती. फरक विश्वासाच्या मोठेपणाचा नाही. कालच्या संध्याकाळचा आहे. डेअरीला घालायच्या दुधात एक तांब्या पाणी, दुकानातली कच्ची पावती, निवडणुकीतलं पाकीट, कामासाठी दिलंघेतलं जाणारं ‘चहापाणी’, या सगळ्यांना अशी आदली संध्याकाळ असते.

हे शास्त्राधारे म्हटलं. आता प्रयोगांकडं बघू. २०१२ साली विल्हेल्म हॉफमन, रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या २०५ जणांना आठवडाभर फोन देऊन दिवसातून अनेकदा विचारलं गेलं, आत्ता कशाची इच्छा होते आहे, ती तुमच्या ध्येयाच्या आड येते का, तुम्ही तिला आवरता का. सात हजारांहून अधिक नोंदी जमल्या. अपेक्षा अशी असते की संयमी माणसं दिवसभर मोहाशी झुंजत असतील आणि जिंकत असतील. नोंदींत दिसलं वेगळंच: ज्यांचा संयम मुळात जास्त होता त्यांना अशा आड येणाऱ्या इच्छांना तोंडच कमी द्यावं लागत होतं. त्यांची दिनचर्याच अशी होती की झुंजीची पाळी कमी यायची. पुढं २०१७ मध्ये मिल्याव्स्काया आणि इंझ्लिक्ट यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातही हेच सूत्र आलं. ध्येय गाठणं किंवा चुकणं हे मोहाला किती निकरानं विरोध केला यापेक्षा मोह किती वेळा वाट्याला आले यावर जास्त अवलंबून निघालं. वॉल्टर मिशेल यांचा लहान मुलांचा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे, समोरची एक मिठाई खाल्ली नाहीस तर थोड्या वेळानं दोन. त्यावरून मुलांच्या पुढच्या आयुष्याची जी भाकितं केली गेली ती २०१८ मधल्या मोठ्या फेरतपासणीत बरीच फिकी पडली. घरची परिस्थिती हिशोबात घेतली की त्यातलं फारसं उरत नाही, असं दिसलं. पण त्या प्रयोगातला एक बारकावा मोलाचा आहे. जी मुलं थांबू शकली त्यांतली कितीतरी मिठाईकडं टक लावून दात-ओठ खात बसली नव्हती. त्यांनी तोंड फिरवलं, डोळे झाकले, गाणी म्हटली. मिठाई झाकून ठेवली तेव्हा मुलं आणखी वेळ थांबली. नृसिंहवाडीत पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेतून साखरेचा आजार असलेल्या माणसाला घेऊन जाणाऱ्या कुठल्याही सुनेला हे सांगावं लागत नाही.

आता पहिला आक्षेप. हे सगळं मानसशास्त्र झालं, यात कृपा कुठं आहे? पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यानं जगणाऱ्याला वेळापत्रक आणि झाकणं कशाला हवीत? या आक्षेपात तथ्य आहे. युक्त्यांवरच भरवसा ठेवणारा माणूस लवकरच स्वतःच्या शिस्तीची पूजा करू लागतो आणि न जमणाऱ्याला हिणवतो. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायाकडं नीट बघितलं तर कृपा आणि तयारी यांना एकमेकांविरुद्ध उभं करता येत नाही. येशूला अरण्यात आत्म्यानंच नेलं होतं, म्हणजे सामर्थ्याची उणीव नव्हती. तरी सैतानाच्या तिन्ही प्रस्तावांना त्यानं दिलेली उत्तरं अनुवादाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांतली आहेत, म्हणजे इस्राएलच्या अरण्यातल्या चाळीस वर्षांबद्दलच्या भागातली. चाळीस दिवसांच्या उपासानंतर, पोटात अन्नाचा कण नसताना, ती उत्तरं त्यानं त्या क्षणी शोधली नाहीत. ती मुखोद्गत होती. नासरेथच्या सभास्थानातली वर्षं त्या तीन वाक्यांच्या मागं आहेत. दुसऱ्या वेळी सैतानानंही स्तोत्रातलं वचन काढलं, याचाही अर्थ लावायला हवा: ऐन वेळी हाताला लागलेलं एखादं वचन मोहालाही वापरता येतं. आधीपासून संदर्भासह मुरलेलं वचन फिरवणं अवघड जातं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या साधूनं तर मनात येणाऱ्या वाईट विचारांचे आठ गट पाडले आणि प्रत्येक विचाराला शास्त्रातून द्यायची उत्तरं गोळा करून एक आख्खं पुस्तक केलं. जवळजवळ पाचशे नोंदी. खादाडपणापासून गर्वापर्यंत, कुठला विचार आला की काय म्हणायचं, ते ठरलेलं. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात ‘अमुक झालं तर मी तमुक करीन’ अशा आधीच ठरवलेल्या संकल्पांचा परिणाम तपासायला सुरुवात केली, आणि २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा नुसत्या ‘मी सुधारेन’पेक्षा असा संकल्प बराच जास्त पाळला जातो असं निघालं. दीड हजार वर्षांच्या अंतरानं एक साधू आणि एक प्राध्यापक एकाच गोष्टीपाशी आले, यात कृपेला कमीपणा येण्यासारखं काही नाही.

तेव्हा हा संकल्प कसा करायचा ते थोडं नेमकं. ‘मी रागावणार नाही’ हा संकल्प नाही, ती इच्छा आहे. ‘रात्री जेवताना पैशाचा विषय निघाला तर मी ताट पूर्ण होईपर्यंत उत्तर देणार नाही’ हा संकल्प आहे. त्यात वेळ, जागा आणि कृती तिन्ही आहेत. ‘मावा सोडणार’ यापेक्षा ‘बसस्टँडवर उतरल्यावर पानटपरीच्या बाजूनं न जाता पलीकडून जाईन’ हे पाळता येतं. एका वेळी एकच घ्यावा, फार तर दोन. आपला दुबळेपणा कुठला आहे याची मात्र स्वतःशी प्रामाणिक चौकशी आधी व्हायला हवी, कारण सभेत ज्या पापांवर जोरात बोललं जातं ती बहुधा बोलणाऱ्याची नसतात. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा शीघ्रकोप आठवेल. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला, मराठी ख्रिस्ती मंडळीला गीतं देणारा हा कवी घरात भडकायचा, आणि लक्ष्मीबाईंनी ते लपवलं नाही, थट्टेनं आणि मायेनं सांगितलं. बाप्तिस्म्यानं स्वभाव पुसला जात नाही. मोह स्वभावाच्याच वाटेनं येतो. ज्याला पैशाचं काही वाटत नाही त्याला कौतुकाचं वाटतं, ज्याला दारूचा वासही सहन होत नाही त्याला दुसऱ्याच्या घरची बातमी चघळल्याशिवाय राहवत नाही. दारू न पिणाऱ्यांच्या मंडळीत चहाडीला मोह म्हणून कुणी मोजत नाही, ही आपली जुनी सवलत आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि नृसिंहवाडीसारख्या क्षेत्राच्या आसपास राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तो खरोखर भेडसावतो. टाळा, दूर राहा, पळा, असं म्हणत गेलं तर शेवटी शेजाऱ्यापासूनच दूर राहावं लागेल. पौर्णिमेला गाव माणसांनी फुलतं, दत्तजयंतीला शेजारच्या काकू पेढ्याचा पुडा हातात ठेवतात. मग काय करायचं? गंमत अशी की मोहाबद्दलचं आपलं सगळ्यात आवडतं वचन, देव शक्तीपलीकडं परीक्षा येऊ देत नाही आणि तिच्यातून निघायची वाटही काढून देतो हे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातलं वचन, नेमकं याच प्रश्नाच्या चर्चेत आलेलं आहे. आठव्यापासून दहाव्या अध्यायापर्यंत पौल देवतांना वाहिलेल्या अन्नाचा प्रश्न सोडवतो आहे. भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरवर ते वचन एकटं छापलं जातं, म्हणून हा संदर्भ दिसत नाही. पौलाचं उत्तर दुपेडी आहे. मूर्तिपूजेत सहभागी होऊ नका, त्यापासून पळा, हे तो ठामपणे सांगतो. पण बाजारात मिळतं ते विवेकापोटी चौकशा न करता खा, आणि विश्वास न ठेवणाऱ्या कुणी जेवायला बोलावलं तर जा आणि वाढलेलं खा, हेही तो तितक्याच ठामपणे सांगतो. हे वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर न खावं, तेही त्या दुसऱ्याच्या विवेकासाठी. प्रसाद घ्यावा की नाही यावर आपल्या मंडळ्यांत आजही एकमत नाही, आणि या लेखात ते होणारही नाही. इथं मुद्दा वेगळा आहे. काकूंचा पुडा हा पळण्याचा प्रसंग नाही. घेणार नसाल तर हात जोडून, त्यांच्या घरी कोण आलंगेलं विचारून, चहा पिऊन यावं. तिथं खरा मोह कुठला असेल तर तो स्वतःला शेजाऱ्यापेक्षा शुद्ध समजण्याचा. आणि त्याच अध्यायात, त्या लाडक्या वचनाच्या लगेच आधी, आपण उभे आहोत असं वाटणाऱ्यानं पडू नये म्हणून सांभाळावं असा इशारा आहे. पौलानं त्याच पत्रात आधी हेही लिहून ठेवलंय की पापी माणसांचा संबंधच टाळायचा तर जगाबाहेर जावं लागेल. पळायचं ते कृतीपासून आणि ज्या प्रसंगात आपण हमखास घसरतो त्या प्रसंगापासून, माणसांपासून नाही.

काही ठिकाणी मात्र तडजोड न करता अंतरच ठेवावं लागतं, आणि त्यांत पहिला नंबर आज मोबाइलचा आहे. वर सांगितलेल्या २०१२ च्या अभ्यासातही माध्यमं बघण्याच्या इच्छेपुढं लोक सर्वांत जास्त वेळा हरले होते, आणि तेव्हा स्वस्त डेटाचं युग यायचं होतं. रात्री साडेदहानंतर अंथरुणात एकट्याच्या हातात असलेला फोन हा अश्लील चित्रं, जुन्या ओळखीशी नको त्या गप्पा, उधारीची ॲप आणि पैसे लावायचे खेळ या सगळ्यांचा एकच दरवाजा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं बंदीचा कायदा केला. पण महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, आणि तो मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही. कायदा अंतर थोडं वाढवतो. उरलेलं आपण वाढवायचं. फोनचा चार्जर स्वयंपाकघरात ठेवावा आणि गजराचं स्वस्त घड्याळ उशाशी. घरातल्या मोठ्यांनी आधी ठेवावा, नुसत्या पोरांना सांगून चालत नाही. पगाराच्या किंवा ऊसबिलाच्या दिवशी पैसे खात्यात येतात त्याच दिवशी दशांश, फी आणि किराणा बाजूला काढावेत. ज्या खात्याला यूपीआय जोडलेलं आहे त्यात आठवड्यापुरतेच राहू द्यावेत. ही व्यवस्था पाहून कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टींनी काय होतं. मन शुद्ध असलं की झालं. मनाच्या शुद्धतेबद्दल वाद नाही. पण शुद्ध मनाचा माणूसही रात्री बारा वाजता दमलेला असतो. इथं एक सावधगिरी. इच्छाशक्ती दिवसभर वापरली की संपते, हा सिद्धांत १९९८ पासून फार गाजला, पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा तपासला तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून ‘दिवसभर संयम ठेवला, रात्री संपला’ ही सबब विज्ञानाच्या नावावर खपवू नये. दमल्यावर काय होतं ते आपल्याला आपल्या अनुभवानं माहीत आहे, तेवढं पुरे.

मोहाचं बळ एकांतात आणि लपवण्यात असतं, हे आखानच्या तंबूपासून दिसतंय. म्हणून एक माणूस हवा, ज्याला ठरलेल्या दिवशी खरं सांगायचं. नवरा किंवा बायको चालेल, पण प्रत्येक बाबतीत तेच बरं असं नाही. समवयस्क मित्र, वडीलधारी बाई, पाळक, कॅथलिक असाल तर पापनिवेदनासाठी फादर. निवड करताना एकच कसोटी लावावी: या माणसानं दुसऱ्याचं गुपित कधी आपल्याला सांगितलं आहे का? सांगितलं असेल तर तो आपलंही सांगेल. आपल्या मंडळ्या लहान आहेत, सगळे सोयरे-धायरे. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट बुधवारच्या सभेतून गुरुवारी बाजारात पोहोचते, आणि मग माणसं कायमची गप्प होतात. याची जबाबदारी सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांवर जास्त आहे. सांगायला माणूस असला म्हणजे आणखी एक भलती भीती कमी होते. मनात घाणेरडा किंवा निंदेचा विचार आला म्हणजे मी पाप केलं, माझा विश्वास खोटा, असं समजून झुरणारी माणसं आहेत, विशेषतः तरुण मुलं. इब्री लोकांस पत्रात येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला, असं म्हटलं आहे. मोह येणं हेच पाप असतं तर ते वाक्य लिहिताच आलं नसतं. विचार आला तर त्याच्याशी कुस्ती खेळत बसू नये, आपलं काम पुढं चालू ठेवावं. मनात पुन्हा पुन्हा तेच घोळून जगणं अशक्य झालं तर डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टरचा विषय निघाला म्हणून दारूबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागतो, त्या माणसापुढचा प्रश्न मोहाचा उरलेला नाही. त्याच्या शरीराला सवय जडली आहे. त्याला वचनं ऐकवून, बायकोनं शपथ घालून, रविवारी वेदीपुढं उभं करून एकाएकी सोडायला लावणं धोक्याचं ठरू शकतं, कारण दीर्घकाळची दारू अचानक तोडली तर आकडी येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. मिरजेला विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरनं १८९० च्या दशकात दवाखाना काढला तो प्रार्थना कमी पडते म्हणून नव्हे. शरीराचा इलाज हा त्याला सेवेचाच भाग वाटत होता. तेच व्यसनालाही लागू आहे. पुण्याला १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत मदतवाहिनी आहे. पाळकांनी या दोन्ही गोष्टी सूचनाफलकावर लावाव्यात, आणि उपचार घेऊन आलेल्या माणसाला नाताळच्या जेवणात कुणी ‘एक घे रे, सण आहे’ म्हणणार नाही एवढी खबरदारी मंडळीनं घ्यावी.

राहिला प्रश्न घसरल्यावरचा. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची विनंती आधी आहे आणि मोहात न नेण्याची नंतर; म्हणजे ही प्रार्थना काल पडलेल्याच माणसाच्या तोंडी दिली आहे. तरी आपल्याकडं क्षमा मागून झाली की प्रकरण मिटलं असं धरतात, आणि पुढचा मोह त्यामुळंच सोपा होतो. जक्कयानं फसवणुकीचं चौपट परत करायचं म्हटलं होतं, तेही येशूनं त्याच्याकडं तशी मागणी न करता. पंचनाम्यात जादा सांगून मदत मिळाली असेल तर ती परत करता येते. २०२५ च्या सुरुवातीला लाडकी बहीण योजनेतल्या काही अपात्र लाभार्थींनी स्वतःहून अर्ज देऊन लाभ सोडला. चौकशीच्या भीतीपोटी का असेना, वाट आहे हे तरी कळलं. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करावा, आपलं नाव, गाव, पंचनाम्याचं वर्ष, मिळालेली रक्कम, जास्त मिळालेली रक्कम आणि ती जमा करायची तयारी, एवढं लिहावं. नजरचुकीनं वगैरे शब्द घालू नयेत. दोन प्रती काढाव्यात, आवक शाखेचा शिक्का मारून एक आपल्याकडं ठेवावी. जाताना ज्याला आपलं खरं सांगतो त्या माणसाला बरोबर घ्यावं, कारण तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर परत फिरायची इच्छा फार जोरात होते.